एक गोळी कमी

आमच्या भागात डॉक्टरच्या खोलीतून कोणी तसंच उठत नाही. तपासून झालं, चिठ्ठी लिहून झाली, की पेशंटबरोबर आलेला माणूस खुर्चीच्या कडेला सरकतो आणि म्हणतो, "सायेब, एखादी गोळी कमी करा की." बाजारात वांगी घेतल्यावर वरून दोन टाका म्हणतात, तसं. बीदरला जा, उदगीरला जा, हे वाक्य मराठीत, कानडीत आणि हैद्राबादी हिंदीत सारखंच ऐकू येतं. औषधावर विश्वास नाही असा त्याचा अर्थ नसतो. तुमच्या हाताला गुण आहे, आमचं माणूस सुधारायला लागलंय, हे डॉक्टरच्या कानावर घालायची ती रीत आहे. डॉक्टर हसतात, "पुढच्या वेळी बघू" म्हणतात, आणि दोघांचाही मान राहतो.

मला दमा आहे. मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमारास सुरू झाला. मी राजेश्वर गावातल्या मराठी शाळेत शिकवायची, तिथं खडूची धूळ, आणि घरी आले की खळ्यावरचं तुरीचं भुसकट. थंडीत जास्त व्हायचं. आता निवृत्त झाले, खडू सुटला, दमा राहिला. सकाळ-संध्याकाळ पंप ओढायचा आणि झोपताना एक गोळी घ्यायची, एवढंच त्याचं मागणं. औषध हैद्राबादच्या डॉक्टरांचं. आमचं गाव हमरस्त्याला लागून असल्यामुळे हैद्राबादची बस जवळजवळ दारातच मिळते, आणि हैद्राबादच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणजे त्यावर पुन्हा कोणाला विचारायचं नसतं. दम्याशी माझं फारसं भांडण नाही. तो आला की मी बसून राहते, गेला की उठते.

मुलगी कॅनडात असते. आधी एकदा तिला दिवस गेले होते, ते टिकले नाहीत. त्या वेळी तिच्याजवळ कोणी नव्हतं. जावई कामावर होते, त्यांची आई लग्नाआधीच वारलेली. तिनं मला दोन दिवसांनी फोन करून सांगितलं, तेही अगदी शांतपणे. तो शांतपणा मला अजून आठवतो आणि आवडत नाही. त्यामुळे पुन्हा दिवस राहिले आणि पाचवा महिना लागला तेव्हा तिनं एकच मागितलं.

"आई, तू ये. बाळंतपणाला तू पायजेस. मला दुसरं काही नको."

मी येते म्हणाले. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

कागदांचं काम तिनंच तिकडून चालवलं होतं. माझ्याबरोबर वडिलांचेही कागद करून घेतले. आमचे यजमान कुरकुरले. "मी तितं जाऊन काय करू? बर्फ राखू का?" पण लेकीचा शब्द त्यांच्याच्यानं मोडवत नाही. पासपोर्टसाठी माझ्याबरोबर कलबुर्गीला आले, बोटांचे ठसे दिले, फोटोला बसले. फोटोत ते कोणाच्या तरी मयतीला आल्यासारखे दिसतात. मुलीला हसू आवरेना. दोघांचाही व्हिसा झाला. जायचं मात्र मी एकटीनं, दिवाळी झाल्यावर, असं ठरलं. यजमानांना तूर होती.

राहिला होता विमा. तिकडे परक्या माणसाला दवाखान्यात नेलं तर त्याचा खर्च ऐकूनच दुसरा पेशंट तयार होतो, असं मुलगी म्हणायची. तिच्या इमारतीतल्या एका बाईंचे सासरे तिथं आठवडाभर दवाखान्यात होते, आणि ते घर अजून त्यातून वर आलेलं नाही. म्हणून विमा हवाच. जुना आजार असला तरी विमा मिळतो, फक्त तो आजार स्थिर पाहिजे, असं तिनं मला फोनवर समजावलं. मी म्हणाले, स्थिर म्हणजे काय, एका जागी बसून आहे माझा दमा. तीही हसली. डॉक्टरांना एकदा भेट आणि तब्येत चांगली आहे असं त्यांच्याकडून लिहून आण, असं तिनं सांगितलं. दसरा झाल्यावर आम्ही दोघं हैद्राबादला गेलो.

डॉक्टरांनी छातीवर नळी लावली, नळकांड्यात फुंकायला लावलं, मागचे कागद चाळले. "बहुत अच्छा," म्हणाले. वर्षभरात मला एकदाही जोराची धाप लागली नव्हती. ते चिठ्ठी लिहायला लागले तसे आमचे यजमान खुर्चीच्या कडेला सरकले. मला पुढचं वाक्य पाठ होतं. पण त्या दिवशी त्यांनी त्याला जोड दिली. डॉक्टरांना मराठी समजतं म्हणून मराठीतच म्हणाले, "सायेब, एखादी गोळी कमी करा की. लेकीकडं जायलीय कॅनडाला. विमेवाले बगत्यात म्हणं किती औषध चालूय ते. एक कमी दिसली तर बरंच की."

इतकी वर्षं "बघू" म्हणणारे डॉक्टर त्या दिवशी पेन थांबवून क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, खरं आहे, रात्रीची गोळी आता बंद केली तरी चालेल, पंप पुरे. आणि त्यांनी गोळी लिहिलीच नाही.

यजमानांना इतका आनंद मी लेकीच्या लग्नानंतर पहिल्यांदा बघितला. येताना झहीराबादला बस थांबली तर उतरून सीताफळं घेऊन आले. कंडक्टरला सांगितलं, शेजारच्या सीटवरच्या बाईला सांगितलं, गावात उतरल्यावर पानाच्या टपरीवर सांगितलं. "हैद्राबादच्या डॉक्टरनं स्वतः गोळी बंद केली." मलाही बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, निरोगी माणसात जमा झाल्यासारखं वाटलं.

पुढच्या आठवड्यात विम्याच्या बाईंचा फोन आला. मुलीच्या ओळखीतल्या, तिकडेच राहणाऱ्या, हिंदीत बोलणाऱ्या. आवाज गोड होता. मुलगी फोनवर दुसऱ्या बाजूनं ऐकत होती. बाईंनी वय विचारलं, आजार विचारला, दवाखान्यात कधी राहिलात का विचारलं. मी नीट उत्तरं दिली. मग त्यांनी विचारलं, गेल्या सहा महिन्यांत औषधात काही बदल?

मी अभिमानानं सांगितलं, "हां जी, एक गोली बंद हुई."

मला वाटलं फोन कटला.

"आंटी," बाई म्हणाल्या, "बंद हुई तो भी बदला ना?"

मी म्हणाले, अहो, तब्येत सुधारली म्हणून बंद केली. त्या म्हणाल्या, तुमचं बरोबर आहे, पण कंपनीच्या लेखी औषध वाढलं काय आणि कमी झालं काय, बदल तो बदल. बदल झाल्यापासून सहा महिने आजार स्थिर धरत नाहीत. विमा मिळेल. पडलात, हाड मोडलं, पोट बिघडलं, सगळ्याचा खर्च मिळेल. श्वासाचं काही झालं तर मात्र एक पैसाही मिळणार नाही. आणि श्वासाचं काय धरतील ते सांगता येत नाही, साधा कफ झाला तरी ते दम्यातच घालतील.

मुलगी मध्येच बोलायला लागली. बाईंनी तिचं ऐकून घेतलं आणि तेच पुन्हा गोड आवाजात सांगितलं.

पुढचे काही दिवस आम्ही हातपाय मारले. हैद्राबादच्या डॉक्टरांना फोन केला. ते आमच्यापेक्षा जास्त चिडले. पेशंट बरा झाला हे त्यांना कळत नाही का, असं विचारत राहिले. त्यांनी चांगलं खरमरीत पत्र लिहून दिलं. कंपनीनं उत्तर पाठवलं की पत्र मिळालं, पत्रात औषध बंद केल्याचं लिहिलेलं आहे, आभारी आहोत. यजमानांनी तोड काढली की ती गोळी उद्यापासून परत सुरू कर, म्हणजे होतं तसं झालं. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, तो दुसरा बदल होईल, आणि मोजणी त्या दिवसापासून नव्यानं सुरू होईल.

"कामून सांगितलीस तू?" यजमान म्हणाले. "गप बसायचं असतंय आशा वक्ताला. तिला काय दिसायलतं का फोनातून?"

"आणि तिथं दवाखान्यात पडले तर?" मी म्हणाले. "ते आधी इथली चिठ्ठी मागवतील. मग बिल कुणाच्या घरावर बसंल?"

मला त्यांचा भयंकर राग आला होता. जन्मभर डॉक्टरपुढे ते एक वाक्य म्हणत आले, नेमकं या वेळी लागू पडलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं हे मला कळत होतं, आणि त्यामुळे राग काढायला जागाच नव्हती. मी भांडी जरा जोरात ठेवायची, एवढंच. ते अंगणात जाऊन बसायचे.

मुलीनं ठरवून टाकलं होतं. "आई, तू तशीच ये. वर्षभरात तुला काय झालंय? काही होत नसतंय." जावईही तेच म्हणाले. दोघांचा जीव होता त्यात. मी चार-पाच दिवस विचार केला. बाळंतपणाच्या महिन्यात तिकडे घरातून मोटारीपर्यंत जाताना नाकातलं पाणी गोठतं, हे तीच मला मागच्या वर्षी सांगत होती. बाळंतिणीच्या घरात दुसरं आजारी माणूस होऊन पडायचं, आणि वर त्या दोघांना बुडवायचं, हे मला पटेना. एकदा तिला माझ्यावाचून सगळं सोसावं लागलं होतं. आता पुन्हा लागणार. मी तिला फोनवर सांगितलं, येत नाही. ती "बरं" म्हणाली. तोच मागचा शांत आवाज. फोन ठेवल्यावर मी रडले. यजमान दारात उभे होते. त्यांनी विचारलं, "मग तिच्याजवळ कोण?"

माझा सगळा राग त्या प्रश्नावर निघाला.

"तुम्हीच जा की मग! तुम्हाला कुठं गोळी हाय!"

मी हे टाकून बोलले होते. त्यांनी ते तसं घेतलं नाही. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "जातो की."

मला आधी हसूच आलं. मग कळलं की ते खरंच म्हणतायत. त्यांचा व्हिसा झालेलाच होता. विम्याच्या बाईंचा फोन आला. दवाई? न्हाई. बीपी? न्हाई. शुगर? न्हाई. पिछले साल डॉक्टर को दिखाया? "दिखाया," यजमान म्हणाले, "इसकू." फोन माझ्याकडे वळवून दाखवला, जसं काही त्या बाईंना दिसणार होतं. चहा उकळेपर्यंत त्यांचा विमा ठरला.

गावात बातमी पसरली. बाप लेकीच्या बाळंतपणाला चाललाय, असं आमच्याकडे कोणी ऐकलेलं नव्हतं. हॉटेलात चहाला बसले की लोक छेडायचे. "काय वो अप्पा, डिंकाचे लाडू तुमी वळणार व्हय?" यजमान म्हणायचे, "म्हशीचं केलंय, गाईचं केलंय. लेकीचं कामून न्हाई?" लोक खूप हसायचे. घरी आले की मात्र तेच मला काळजीनं विचारायचे, "टाळू भरायची म्हंजे किती तेल?"

मी त्यांना सगळं शिकवलं. हॉलमध्ये सतरंजी टाकून, पाय पसरून बसवलं आणि पायांवर दुधी भोपळा दिला. मान कशी धरायची, पालथं कसं घालायचं, पाणी कुठून सोडायचं, नाकाडोळ्यांत जाऊ नये म्हणून हात कसा आडवा धरायचा. पहिल्या दिवशी त्यांनी भोपळा असा रगडला की साल निघाली. मी म्हणाले, वासरू नाही ते. दुसऱ्या दिवशी बरं केलं. शेपा, अळीव, खारकेची पूड, ओवा, सगळं वेगवेगळ्या पुड्यांत बांधून कशात काय ते तोंडपाठ करून घेतलं. मुलांना पाढे शिकवताना मला जेवढा धीर होता तेवढा त्यांच्या बाबतीत नव्हता. ते निमूटपणे ऐकून घेत होते. त्यांनी एवढं निमूट कधी ऐकलेलं मला आठवत नाही. तूर त्यांच्या धाकट्या भावानं बघायची ठरली.

हैद्राबादच्या विमानतळावर मी दारापर्यंत गेले. आत जायच्या आधी ते म्हणाले, "पंप घेतलीस का संगं?" मी म्हणाले, "माझं राहू द्या, तुमचा पासपोर्ट कुठं आहे?" तो त्यांच्या हातातच होता.

पौषात मुलगी झाली. नात. सगळं नीट पार पडलं. मी तिला पहिल्यांदा फोनच्या काचेत बघितलं, कपड्यात गुंडाळलेली, लालभडक. मुलगी दमलेली होती पण हसत होती, आणि तिच्या उशाला तिचे अप्पा स्वेटरवर मफलर गुंडाळून बसले होते. त्या दिवशी मला फार आनंद झाला. तो खराच होता.

त्यानंतर रोज आमच्या संध्याकाळी त्यांची सकाळ व्हायची आणि फोन लागायचा. यजमान न्हाणीघरात कोरड्या टबात पाय पसरून बसायचे, विजार गुडघ्याच्या वर दुमडलेली, फोन कुठल्या तरी बाटलीला टेकवलेला. नात त्यांच्या पायांवर. मी इथून सांगायची. मान धरा. कानामागं तेल लावा. आधी पोट, मग पाठ. एवढं पाणी एकदम नको. पहिले काही दिवस ते माझं ऐकून करायचे. मग हळूहळू माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच त्यांचं ते करून झालेलं असायचं. एके दिवशी मी अशीच काहीतरी सांगत होते, तर मुलीचा हात काचेत आला आणि तिनं फोन आपल्याकडे वळवला.

"आई, तू जरा थांब ना. अप्पांना जमायलंय."

ती रागानं बोलली नव्हती. मी "बरं" म्हणाले. मला मत्सर वाटला. नवऱ्याचा. एवढ्या वयाला, एवढ्या चांगल्या गोष्टीसाठी. फोन ठेवून मी लाटायला घेतलेल्या पोळ्या तशाच झाकून ठेवल्या.

आणि तो सबंध हिवाळा मला एकदाही धाप लागली नाही. तुरीची मळणी झाली, भुसकट उडालं, पहाटे धुकं पडलं. मी दारात उभी राहून खोल श्वास घ्यायची, आणि तो सरळ आत जायचा, सरळ बाहेर यायचा. डॉक्टरांचं बरोबर होतं, ती गोळी खरंच नको होती. मला वाटायचं, एकदा तरी दम लागावा. फार नको, एक रात्र बसून काढावी लागेल एवढाच. म्हणजे मी गेले नाही ते बरंच झालं, असं मला स्वतःला सांगता आलं असतं. चांगल्या श्वासाचा असा राग येतो हे मला माहीत नव्हतं. चैत्रात सहा महिने पुरे होतील, मग तुम्हाला पूर्ण विमा मिळेल, असं त्या बाईंनी सांगितलं होतं. चैत्रापर्यंत नात पालथी पडायला लागली असती.

यजमान रोज विचारायचे, "दम कसा हाय?" मी रोज म्हणायची, "आहे तसा." महिना असाच गेला. मग एकदा मुलगी झोपलेली होती, नात त्यांच्या पायांवर होती, आणि त्यांनी तेल लावता लावता खाली बघूनच विचारलं, "खरं सांग. लागायलीय का धाप?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण लागतेय म्हणाले असते तर गोळी बंद केली म्हणून त्यांना लागलं असतं, आणि न्हाई म्हणाले तर मी विनाकारण इथं राहिले म्हणून लागलं असतं. मी खरं सांगितलं.

"न्हाई. एकदाबी न्हाई."

त्यांचा हात थांबला. नातीनं पाय झाडले.

"म्हंजे तू येऊ शकत होतीस," ते म्हणाले. "मी त्या दिवशी तोंड उघडलं नसतं, तर हिला तू न्हाऊ घातली असतीस. लेकीनं तुला मागितली होती. मला न्हाई." त्यांचा आवाज फुटला. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना वडील गेले तेव्हाच रडताना बघितलं होतं. त्यांनी डोळे पुसायला हात उचलला, पण हात तेलाचा होता, आणि दुसऱ्या हातात तिची मान होती. ते तसेच बसून राहिले.

ऐकायचं म्हणून दसऱ्यापासून मी ज्याची वाट बघत होते ते हेच होतं. ते ऐकल्यावर मला वाटलं होतं तसं काही वाटलं नाही. मी फोन जवळ घेतला. काचेत पोरीच्या अंगावर तेल चकाकत होतं आणि मान त्यांनी बरोबर धरली होती.

"पाणी गार व्हायलंय," मी म्हणाले. "तिला आधी न्हाऊ घाला."